कटकटीतली कृपा : लक्ष्मीबाई टिळक



आजचा लेख मराठीच्या तासाला उपयोगी पडेल, आणि घरी लेकरांशी बोलतानाही. विषय तसा रोजचाच आहे. सकाळी नळाला पाणी नाही, शाळेत माहिती भरायला बसलं की रेंज नाही, दोन वर्ग एकाच शिक्षकाकडे, त्यात ऊसतोडीला गेलेल्या घरची लेकरं दिवाळीनंतर दिसत नाहीत. नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही शिक्षकाला ही यादी सांगावी लागत नाही. पालकांची यादी याहून मोठी असेल. अशा दिवसांत देवाची कृपा कुठं शोधायची, हा प्रश्न श्रद्धाळू माणसाला पडतोच, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

या प्रश्नाचं उत्तर आपल्या मराठीतल्या एका ख्रिस्ती बाईनं जगून दाखवलं आहे. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक, 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका. शाळा-कॉलेजच्या पुस्तकांतून त्यांचा एखादा उतारा आपण बहुतेकांनी वाचलेला असतो. त्यातला विनोद लक्षात राहतो, पण तो विनोद कशातून आला हे मुलांना सांगायचं राहून जातं. म्हणून आज त्यांचं आयुष्य क्रमानं पाहू या.

बालपण : धुतलेलं मीठ

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर या गावी झाला. हे गाव गोदावरीच्या काठी आहे. तीच गोदावरी पुढं पैठणवरून आपल्या नांदेडला येते, हे मुलांना नकाशात जरूर दाखवा. त्यांचं माहेरचं आडनाव गोखले. नाव मनकर्णिका, घरात मनू.

आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांकडून फासावर गेले होते. त्या घटनेचा मनूच्या वडिलांनी असा धसका घेतला, की त्यांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. धान्य धुवायचं, कपडे धुवायचे, इतकंच काय, मीठसुद्धा धुवायचं! आता मीठ धुतल्यावर काय उरणार, ते पहिलीतलं लेकरूही सांगेल. आपण हसतो, पण त्या घरातल्या बायका-मुलांना हे रोज सोसावं लागत होतं. घर धाकात असायचं. कुणाला शिवायचं नाही, मोकळं खेळायचं नाही.

या घरात मनू एक गोष्ट शिकली. जे बदलता येत नाही, त्याच्याकडे नीट बघायचं आणि त्यातलं हसण्याजोगं तेवढं वेचून ठेवायचं. पुढं आयुष्यभर हीच शिदोरी त्यांच्या उपयोगी पडली. मात्र ही शिदोरी मिळाली म्हणून वडिलांचं वागणं योग्य ठरत नाही. त्यांनी स्वतःही पुस्तकात ते कुठं योग्य ठरवलेलं नाही.

संसार : टिळकांच्या घरी

अकराव्या वर्षी मनूचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ चा. आपण त्यांना 'केवढे हे क्रौर्य' या कवितेमुळे ओळखतो. फुलांवर आणि मुलांवर कविता करणारा हा माणूस घरात मात्र सांभाळायला फार अवघड होता. बुद्धी तल्लख, मन लोण्यासारखं, पण राग नाकावर. नोकरी एका जागी टिकायची नाही. मनात आलं की घरातून निघून जायचे; कुठं गेले, कधी येणार, याचा पत्ता नसायचा. हातात पैसा आला की तो पहिल्या गरजू माणसाच्या हातात जायचा. घरात लागणारी वस्तू आणायला पैसे घेऊन गेलेले टिळक शाईची एक सुंदर दौत घेऊन परत आले, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे.

बायको म्हणून लक्ष्मीबाईंनी हे सगळं मुकाट्यानं सोसलं, असं कुणी शिकवत असेल तर ते चूक आहे. त्या चिडत, भांडत, तोंडावर बोलत. भांडण झाल्यावर दोघंही पुन्हा हसत. 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं, की या बाईला नवऱ्याचा प्रत्येक दोष दिसत होता आणि तरी त्याच्यातलं मोठेपण तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. घरखर्चाचे पैसे दुसऱ्याला देऊन येणाऱ्या नवऱ्याचा राग त्यांना यायचा. पण देणाऱ्या हाताची किंमतही त्यांना ठाऊक होती. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच पानावर लिहिल्या.

त्यांचं शिक्षणही याच संसारात झालं. लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरं टिळकांनी शिकवली. हे शिक्षकही रागीट, त्यामुळे तास सुरळीत चालायचा नाही! वाचन जमलं, तरी जोडाक्षरं लिहिणं त्यांना जडच जायचं. आपल्या वर्गात जोडाक्षरांशी अडखळणारं एखादं लेकरू असतंच. त्याला सांगा, की मराठीतलं एक उत्तम आत्मचरित्र अशाच एका बाईनं लिहिलं आहे.

१८९५ : सगळ्यात मोठा घाव

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत टिळकांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या आणि त्यांनी टिळकांना 'नवा करार' हे पुस्तक भेट दिलं. टिळक ते वाचत गेले. येशूची डोंगरावरची शिकवण त्यांच्या मनात ठसली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर जणू आभाळ कोसळलं. त्या काळच्या कर्मठ ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता, हे आज मुलांना समजावून सांगावं लागेल. नवरा जिवंत असून परका झाला होता. त्याच्या हातचं पाणी चालणार नव्हतं, त्याच्या घरी राहणं म्हणजे जात जाणं. पदरात लहानगा दत्तू. नातेवाईक सांभाळत होते, पण लोकांच्या नजरा आणि बोलणी चुकत नव्हती. जवळजवळ पाच वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. या काळात त्यांनी दुखणी काढली, रडून घेतलं, देवाला जाबही विचारला.

इथं जरा थांबू या. कुणी त्या वेळी त्यांना जाऊन सांगितलं असतं, की बाई, यात देवाचा आशीर्वाद आहे, तर ते ऐकणं त्यांना शक्यच नव्हतं. आणि सांगणाऱ्याला तसा अधिकारही नव्हता. दुःख ज्याचं आहे, त्याला त्यातली कृपा त्याच्या वेळेनं दिसते. दुसऱ्यानं ती घाईनं दाखवायला गेलं, की ते मीठ चोळल्यासारखं होतं.

परत येणं आणि मन बदलणं

पाच वर्षांनी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन टिळकांकडे नगर भागात आल्या. आल्या त्या धर्म बदलायला नव्हे, संसार करायला. सुरुवातीला त्यांचं सोवळं, पाणी, स्वयंपाक वेगळा होता. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. राग येणारा माणूस या एका बाबतीत मात्र धीरानं वागला, आणि त्याचा परिणाम कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोठा झाला.

आता कल्पना करा, वेगळं पाणी भरायचं, वेगळी चूल, कुणाची सावली पडली की पुन्हा अंघोळ. बालपणी वडिलांच्या घरात जी कटकट सोसली, तीच आता त्या स्वतः ओढत होत्या. त्यातून त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. पशुपक्ष्यांच्या जाती देवानं केल्या, त्या डोळ्यांना दिसतात. माणसामाणसांत तसा फरक कुठं दिसतो? मग या जाती देवानं केल्या की माणसानं? एकदा हा विचार मनात पक्का झाल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. हे बाप्तिस्म्याच्या आधीचं आहे. पुढं १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

लक्षात घ्या, त्यांची श्रद्धा वादविवादातून आली नाही. ती घागर, चूल आणि घरातल्या त्रासातून आली. ज्या गोष्टीनं रोज अडवलं, तिनंच विचार करायला लावलं. ख्रिस्ती माणूस ज्याला देवाची कृपा म्हणतो, ती त्यांच्या बाबतीत अशी पाणवठ्यावर भेटली.

घर भरून वाहिलं

त्याच सुमाराला, १८९९-१९०० मध्ये, मोठा दुष्काळ पडला. पाठोपाठ प्लेगच्या साथी चालूच होत्या. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आपण पाहिलं आहे. दुष्काळ म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या लेकरांना वेगळं शिकवावं लागत नाही. पण त्या वेळी टँकर नव्हते, रेशन नव्हतं. आईबाप गेलेली मुलं रस्त्यावर आली होती.

टिळक अशा मुलांना उचलून घरी आणत. आणणारे टिळक, अंघोळ घालणं, खरूज धुणं, भात शिजवून वाढणं हे मात्र लक्ष्मीबाईंचं. घरात आधीच तुटपुंजं, त्यात रोज नवी तोंडं. बाईंचा जीव मेटाकुटीला यायचा. पण एकदा लेकरू मांडीवर आलं, की ते त्यांचंच होऊन जायचं. प्लेगच्या काळात जवळचे नातेवाईकही रोग्याला टाकून पळत होते, तेव्हा नगरमध्ये त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. ज्या हातांना एके काळी परक्याचा स्पर्श चालत नव्हता, तेच हात आता परक्यांचे फोड धुवत होते.

कवी बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, हेही काही काळ याच घरात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईसारखी माया केली. आपण वर्गात बालकवींच्या निसर्गकविता शिकवतो, तेव्हा त्यांना जेवू घालणाऱ्या या माउलीचंही नाव घ्यायला हरकत नाही.

टिळकांच्या त्या पसाऱ्यामुळे लक्ष्मीबाईंना घरखर्चाचा ताळमेळ कधी लागला नाही. पण त्याच पसाऱ्यानं त्यांना मोठं घर दिलं, माणसं दिली. हिशोब मांडायचा तर दोन्ही रकाने भरावे लागतात. त्यांनी आयुष्यात एकही रकाना कोरा ठेवला नाही.

टिळक गेल्यानंतर

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. म्हणजे ठरलेला पगारही गेला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. मागं जमीनजुमला नाही, पैसा नाही. पन्नाशीतली बाई, शिक्षण जेमतेम. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी मेट्रन म्हणून काम केलं. पुढं काही काळ त्या कराचीतही राहिल्या. नवं गाव, नवी भाषा कानावर. तिथंही त्यांनी कीर्तनं केली. आपल्या संतपरंपरेतलं कीर्तन आणि त्यात येशूची कथा, असा तो मेळ होता. टिळकांनी रचलेली मराठी भजनं आणि अभंग आजही मराठी चर्चमधून गायले जातात.

टिळकांनी येशूचं जीवन ओवीत गाणारं 'ख्रिस्तायन' हे काव्य लिहायला घेतलं होतं. ते अपुरं राहिलं. सुरुवातीचे काही अध्यायच झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते पूर्ण केलं. जोडाक्षरांशी झगडणारी बाई हे करते, हे वाचून मला दर वेळी नवल वाटतं.

आणि मग 'स्मृतिचित्रे'. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यानं आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. त्या आठवणींचं पुस्तक झालं आणि १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झालं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. पुढं विजया मेहता यांनी या पुस्तकावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाईंची भूमिका केली. शाळेत दाखवता आला तर मोठ्या मुलांना जरूर दाखवा.

आता गंमत पाहा. मीठ धुणारे वडील, दौत आणणारा नवरा, न सांगता निघून जाणं, घरात अचानक आलेली मुलं, रुसवे, भांडणं – ज्या ज्या गोष्टींनी त्यांना आयुष्यभर छळलं, त्याच त्या पुस्तकाची पानं झाल्या. सुखाचा संसार झाला असता तर कदाचित हे पुस्तक झालंच नसतं. पण म्हणून तो त्रास त्यांना मिळायलाच हवा होता, असं मात्र आपण म्हणायचं नाही.

यातून आपण काय घ्यायचं?

बायबलमध्ये प्रेषित पौलानं थेस्सलनीका गावच्या मंडळीला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात प्रत्येक परिस्थितीत देवाचे आभार मानावेत, असं सांगितलं आहे. मराठी ख्रिस्ती लोक याला उपकारस्तुती म्हणतात. आपण भाषेचे शिक्षक, तेव्हा विभक्तीकडे लक्ष देऊ या. 'परिस्थितीत' आभार मानणं वेगळं आणि 'परिस्थितीबद्दल' आभार मानणं वेगळं. दुष्काळात आभार मानता येतात, कारण कुणीतरी पाण्याची घागर आणून दिली. दुष्काळाबद्दल आभार मानायची गरज नाही. लक्ष्मीबाईंचं सगळं आयुष्य या एका प्रत्ययाच्या फरकात बसतं.

हा फरक आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. का, ते सांगतो. आपल्याकडे अजूनही आठवी-नववीतली एखादी मुलगी सुट्टीनंतर वर्गात येत नाही. चौकशी केली तर कळतं, लग्न ठरलंय. एखादं पोर घरी मार खाऊन येतं. अशा लेकराला आपण सोसण्याचं मोठेपण सांगायला लागलो, देवाची इच्छा म्हणून गप्प बसवलं, तर आपण लक्ष्मीबाईंची गोष्ट उलटी शिकवली असं होईल. अकराव्या वर्षीचं लग्न ही काही कृपा नव्हती. अशा वेळी मुख्याध्यापकांशी बोला, ग्रामसेवकांना कळवा, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. त्या लेकरापर्यंत कृपा पोहोचायची असेल तर कदाचित ती आपल्याच फोनमधून पोहोचेल.

आणि ज्या कटकटी खरोखर रोजच्या आहेत – रेंज, टँकर, उशिरा आलेली एसटी, तेच तेच फॉर्म – तिथं मात्र लक्ष्मीबाईंची रीत वापरून बघा. आधी चिडायचं असेल तर चिडून घ्या, त्यांनीही तेच केलं. मग त्यातलं हसण्याजोगं शोधा. मग या अडचणीनं आपल्यासमोर कोणता माणूस आणून उभा केला, ते बघा. एसटी चुकली म्हणून शेजारी बसलेल्या आजीशी बोलणं झालं असेल. नेट नाही म्हणून वर्गात गोष्ट सांगितली गेली असेल. ख्रिस्ती माणूस त्याला प्रभूची कृपा म्हणेल, वारकरी विठ्ठलाची, मुसलमान अल्लाहची. नाव प्रत्येकानं आपापलं घ्यावं. शाळेत आपण एवढंच शिकवू या, की कृपा दिसायला डोळे उघडे लागतात आणि पोचायला हात रिकामे.

वर्गात आणि घरी घेण्यासारखे उपक्रम

१. मुलांना दोन रकान्यांची वही करायला सांगा. एकीकडे आज कशाचा राग आला, दुसरीकडे त्याच प्रसंगात कुणी मदत केली. दुसरा रकाना कोरा राहिला तरी चालेल, जबरदस्तीनं भरायचा नाही.

२. आपल्या आजीला किंवा शेजारच्या आजींना त्यांच्या लहानपणीची एक अडचणीची गोष्ट विचारून, त्या बोलल्या तशाच भाषेत लिहून आणायची. शुद्धलेखनाचे गुण कापू नका. जोडाक्षर चुकलं तरी गोष्ट चुकत नाही.

३. मोठ्या वर्गासाठी चर्चा : सोसणं आणि समजून घेणं यात फरक काय? लक्ष्मीबाई कुठं सोसत होत्या, कुठं भांडल्या आणि कुठं त्यांनी स्वतःचं मन बदललं?

४. पालकांसाठी : रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकानं आज झालेली एक कटकट हसत हसत सांगायची. सुरुवात मोठ्यांनी करायची.

लेख आवडला तर आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांना आणि पालकांना जरूर वाचायला द्या, आणि 'स्मृतिचित्रे' शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर पुढच्या खरेदीत तेवढं एक पुस्तक नक्की घ्या.